बाई, आज तुले पाणी नाई

"बाई, आज तुले पाणी नाई. उपाशी राह्य."

ब्रह्मपुरीच्या त्या घरात माझी पहिली सकाळ या वाक्यानं उजाडली. आदल्याच दिवशी मी छोट्या लाईनच्या गाडीतून ट्रंक, वळकटी आणि स्टोव्ह घेऊन उतरले होते. मुलींच्या शाळेत नवी नेमणूक, वय तेवीस. चांदा जिल्हा तेव्हा अजून मध्य प्रदेशात होता. खोलीसाठी माझे वडील चिमूरहून आधी दोनदा येऊन गेले होते, पण एकटी पोरगी राहणार म्हटल्यावर लोकांच्या रिकाम्या खोल्या एकदम भरून जायच्या. या एकाच घरमालकानं काही विचारलं नाही. वडील घरी येऊन म्हणाले, देवमाणूस आहे. आणि हा देवमाणूस, ओळख ना पाळख, सकाळी सकाळी मला 'तुले' म्हणतो आणि वर पाणी बंद करतो!

शाळेत सगळे मला बाईच म्हणणार होते, तेव्हा ते मलाच होतं याबद्दल मला काडीची शंका नव्हती. आम्हा चिमूरच्या माणसांना भांडण शिकवावं लागत नाही. मी तशीच तरातरा अंगणात गेले.

"काऊन नाई पाणी? विहीर काय तुमच्या बापाची आहे?"

उकिडवा बसलेला एक माणूस उठायला लागला. उठायला त्याला बराच वेळ लागला, कारण तो सहा फुटांहून उंच होता. अंगात जंगलखात्याचा जुना खाकी शर्ट, खाली धोतर, हातात पाण्याची वाटी.

"विहीर माह्या बापाचीच आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "पण पाणी तुम्ही घेजा, कितीबी. मी तुम्हाले नाई म्हटलं. हिले म्हटलं."

त्यानं बोट दाखवलं तिकडे भिंतीलगतच्या दगडी बाकावर एक कवेलू होतं. घरावर घालतात तेच अर्धगोल कवेलू, उताणं ठेवलेलं, दोन्ही टोकं चिखलानं बुजवलेली. त्यात चिंच उभी होती. रोपटं नव्हे, चांगली जुनीजाणती चिंच, साल तडकलेली, खोड थोडं पाठीत वाकलेलं, फांद्या चारी अंगांनी पसरलेल्या. फक्त सगळी मिळून माझ्या वितीएवढी. खोडावरून एक मुंगी चढत होती आणि ती मुंगीच मला अवाढव्य वाटली.

"हिचं नाव बाई आहे," तो म्हणाला. मग माझ्याकडे पाहून थोडा ओशाळला. "आता दोन झाल्या."

तेच आमचे भाऊ. गाव त्यांना मार्काभाऊ म्हणायचं. जंगलखात्यात ते नाकेदार होते, म्हणजे जंगलाचे पहारेकरी, पण त्यांच्या हयातीचं खरं काम मार्क्याचं. त्या वर्षी जंगलाचा जो पट्टा तोडायचा त्याला कूप म्हणतात. कूपातलं कोणतं झाड पडणार हे ठरलं की बुंध्याशी थोडी साल तासायची आणि खात्याचा हातोडा मारायचा. हातोड्याच्या तोंडावरचा ठसा लाकडात उमटला की त्या झाडाचा निकाल लागला. काही झाडं मात्र बियांसाठी राखून ठेवायची असत. त्यांच्या कमरेला गेरूचा पट्टा ओढायचा. गेरू दिसला की कुऱ्हाडवाला बाजूनं निघून जायचा. तीस वर्षं भाऊंच्या एका हातात हातोडा होता आणि दुसऱ्यात गेरूचा डबा. "हातोडा हजारदा, तवा गेरू एकदा," ते म्हणायचे.

नोकरी संपली तरी बोटांची ठोकायची सवय गेली नाही. कोणाच्याही घरी गेले की आधी दाराची चौकट वाजवायचे, मग रामराम. आमच्या शाळेच्या गॅदरिंगला आले तेव्हा मुख्याध्यापिका खुर्चीत बसलेल्या होत्या. भाऊंनी मागून खुर्चीची पाठ बोटानं वाजवली, कान लावला आणि सगळ्यांसमोर समाधानानं म्हणाले, "साठच्या खालची नाई. पण अजून मजबूत आहे." मुख्याध्यापिकांना तेव्हा पन्नासावं लागलं होतं. भाऊ खुर्चीच्या बीजाच्या लाकडाबद्दल बोलत होते हे त्यांना समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. मुख्याध्यापिकांनी शेवटपर्यंत भाऊंना माफ केलं नाही.

बाकावर अशी सोळा-सतरा झाडं होती. वड, पिंपळ, दोन उंबर, एक कडूनिंब. भाऊ त्यांना 'ठेंगण्या' म्हणायचे. आता या प्रकाराला जपानी नाव आहे, शहरात त्याची प्रदर्शनं भरतात, बक्षिसं देतात. भाऊंना ते नाव शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं, पुस्तक नव्हतं. जंगलातल्या खडकाच्या फटीत, पडक्या भिंतीत वर्षानुवर्षं हातभरच राहिलेली झाडं त्यांनी पाहिली आणि ती तशी का राहिली याचा विचार करत बसले, एवढंच त्यांचं शिक्षण. फांदी वाकवायला ते कोष्ट्यांकडून कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा, दोरा आणायचे, कारण तो मऊ, सालीला काचत नाही. दोऱ्याच्या टोकाला वैनगंगेतले बारके गोटे बांधायचे. शेंडा कात्रीनं नाही, नखानं खुडायचा. दोन वर्षांतून एकदा झाड बाहेर काढून मुळ्या छाटायच्या, आणि ज्या दिवशी कोणाच्या मुळ्या छाटल्या त्या दिवशी स्वतः जेवायचं नाही. मी ताट वाढून नेलं तर म्हणायचे, "आज वडाले कापलं, बाई. आज नाई जात घास."

एका पावसाळ्यात त्यांनी सागाला ठेंगणं करायचा ध्यास घेतला. उपाशी ठेवला, मुळ्या छाटल्या, गोटे टांगले. रोप एवढंसं राहिलं, पण पान येई ते सुपाएवढं. वाऱ्याची झुळूक आली की ते पान कुंडीसकट आडवं व्हायचं. चार महिने झगडून भाऊंनी हात टेकले. "सरकारी झाड आहे. कोणाचंच ऐकत नाई."

मला सुरुवातीला या सगळ्याचा रागच यायचा. मी शाळेत पोरींना झाडं लावा, वाढवा म्हणून घसा कोरडा करणार आणि घरी यावं तर हा माणूस झाडाला सांगतोय, उपाशी राह्य. एक दिवस मी बोललेच.

"भाऊ, हे पाप आहे. एवढं मोठं होणारं झाड तुम्ही डांबून ठेवलं. तिला वाढावंसं वाटत नसेल?"

भाऊ चिंचेचा दोरा सैल करत होते. हात थांबला नाही.

"बाई, मी चाळीस चाळीस हात उंच झाडं पाह्यली. तुमच्या आमच्या पणज्यायच्या वेळची. वाढत होती बिचारी, चांगली वाढत होती, अन् वाढली म्हणूनच माह्या हातोड्याखाली आली. ठेंगण्या झाडाले कोणी मार्का मारत नाई." मग चिंचेला म्हणाले, "नाई का वं?"

मला वाटलं होतं हा माणूस झाडांना छळतो. हा तर त्यांना लपवून ठेवत होता.

बाई त्यांच्याकडे आली त्याची कथाही अशीच. नोकरीच्या दहाव्या वर्षी त्यांना गडचिरोलीच्या पलीकडे एका नाक्यावर टाकलं होतं. तिथं झोपडीच्या कवेलूत साचलेल्या मातीत कोणी थुंकलेला चिंचोका रुजला. बदलीचा हुकूम आला तोवर चिंच चार बोटं झाली होती. भाऊंनी बायकोला सांगितलं, सामान तू बांध, आणि स्वतः छपरावर चढून ते कवेलूच काढून घेतलं. बैलगाडीत बायको मागे, कवेलू मांडीवर. ती बायको पुढे तिसऱ्या वर्षी हिवतापानं गेली. मूलबाळ नव्हतं. भाऊ तिच्याबद्दल फारसं बोलत नसत. एकदाच म्हणाले, "ती चिंचेले बाई म्हणे. मले म्हणे, तुम्ही फिरतीवर जाता, घरात आम्ही दोघी बाया." बावीस वर्षं चिंच त्याच कवेलूत होती. दुसऱ्या झाडांच्या कुंड्या बदलल्या, बाईचं घर त्यांनी बदललं नाही.

मी राहायला आल्यानंतर दुसऱ्या वर्षी बाईला शेंग लागली. एकच, माझ्या करंगळीच्या पेराएवढी. भाऊंनी ती पिकेपर्यंत माझ्या नव्या रुमालाची चिंधी करून तिच्याखाली झोळी बांधली. पिकल्यावर म्हणाले, वरणात टाका. आता पेरभर चिंचेनं वरणाला काय कळणार! तरी मी फोडणी दिली. नेमकी त्या दिवशी सोमारी आली. ही जंगलातल्या एका गोंडांच्या गावची बाई, भाऊंची नाक्यापासूनची ओळख. बाजाराच्या दिवशी चारोळी, मोहफुलं, पत्रावळीची पानं घेऊन यायची आणि आमच्या ओट्यावर पाणी प्यायला टेकायची. वरणाची हकीकत ऐकून ती भाऊंवर उखडली.

"नवं फळ जमिनीले देल्ल्याबिगर खाल्लं? आमच्यात नाई चालत. आधी तिले, मंग आपल्याले."

"अवं, एकच तं होती," भाऊ म्हणाले.

"एक होती तं एक द्यायची. जमिनीचं राह्यलं तुह्याकडं, मार्काभाऊ."

भाऊ हसले, पण ताटातलं वरण त्यांनी थोडं अंगणात सांडलं. मी पाहिलं. आणि सांगू का, त्या वरणाला खरंच आंबट चव आली होती. निदान आम्ही दोघांनी तसं एकमेकांना सांगितलं.

मग भाऊंना मोतीबिंदू झाला. आधी ते दाराच्या चौकटीवर आपटायला लागले, मग मुंगी दिसेना, मग एक दिवस त्यांनी बाईचा शेंडा समजून उंबराचा खुडला आणि मुकाट्यानं खोलीत जाऊन बसले. नागपूरला त्यांचा भाचा कुठल्याशा कचेरीत कारकून होता, तो येऊन घेऊन गेला. तेव्हा डोळ्याचं ऑपरेशन म्हणजे दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधून आठवडेच्या आठवडे उताणं पडून राहायचं. निघताना भाऊंनी मला एकेका झाडाचं पाणी सांगितलं. बाईला दिवसाआड एक वाटी, ऊन चढलं की रोज. पानं गळाली तर नखानं साल खरवडून पाहायची, आत हिरवं असेल तर जीव आहे. सांगून झाल्यावर परत फिरून आले, बाकावर हात ठेवला आणि मलाच म्हणाले, "तुमच्यावर टाकून चाल्लो." मी म्हटलं, बिनघोर जा.

शिमगा झाला आणि भाच्याच्या वळणदार अक्षरात पोस्टकार्ड आलं. ते मला अजून तोंडपाठ आहे.

'बाईंस सा. न. वि. वि. मामांचे डोळ्याचे काम नीट झाले. पट्टी अजून आहे. मामा सांगतात की, बाईंनी आता जागा बदलावी. ऊन वाढण्यापूर्वी बदलल्यास बरे. सावलीची, पाण्याजवळची जागा पाहावी. याकामी उशीर करू नये. कळावे.'

मी ते तीनदा वाचलं. गावात महिनाभर कुजबुज होतीच, की एकट्या माणसाच्या घरात एकटी मास्तरीण राहते, आता तर घरात मालकही नाही, काय चाललंय काय. कोणीतरी ते नागपूरपर्यंत पोचवलं असणार. पण भाऊंनी ते ऐकावं? दोन वर्षं मी ज्यांना ताट वाढून दिलं त्यांनी मला सरळ तोंडावर न सांगता भाच्याकडून कार्ड लिहवावं? आणि वर मखलाशी काय, म्हणे सावलीची पाहा, पाण्याजवळची पाहा!

त्याच संध्याकाळी मी शाळेमागच्या एका घरची माडीवरची कोंदट खोली धरली. ट्रंक नेताना मी त्या बाकासमोरून गेले. बाई तिथं होती. मी तिच्याकडे पाहून म्हटलं, "आता तुले तरी कोण पाणी देते पाहू." हे वाक्य मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. रागात माणूस किती हलकट होतं, हे मला त्या दिवशी कळलं नाही, आठ दिवसांनी कळलं.

आठ दिवस मी त्या गल्लीत फिरकले नाही. नवव्या दिवशी पोस्टमननं दुसरं कार्ड शाळेतच आणून दिलं. चौथीच्या वर्गात पोरी एकोणीसचा पाढा म्हणत होत्या.

'मामा रोज विचारतात की बाईंची जागा बदलली का. दक्षिणेच्या भिंतीची झळ बाईंस सोसत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. बाईंची पाने गळाल्यास घाबरू नये. बाईंच्या मुळ्या मात्र कोणी छाटू नये. मला अर्थबोध झाला नाही, मामांनी सांगितले तसे लिहिले आहे.'

माय वं! मला घेरीच यायची बाकी राहिली. "पाढा म्हणत राहा गं," म्हणून मी जी निघाले ती भर बाजारातून, पदर खोचून, पळत. लोकांना वाटलं कोणी मेलं.

लोकांचं फारसं चुकलं नव्हतं. वड, पिंपळ चिवट जातीचे, त्यांनी माना टाकल्या होत्या पण जीव होता. बाईच्या अंगावर एक पान नव्हतं. सगळी पानं बाकावर पडून त्यांचा भुगा झाला होता. कवेलूतली माती विटेसारखी कडक. मी एक काडी हलवली, ती कटकन मोडली. नखानं साल खरवडली, आत तपकिरी. त्याच्या खाली खरवडली, तपकिरी. अगदी मातीशी, मुळाजवळ, केसाएवढी हिरवी रेघ दिसली. मी वाटीनं पाणी घातलं, ते मातीत न मुरता कडेनं वाहून गेलं. मी तिथं बसून मोठ्यानं रडले. लाज वाटायचं काही कारण नव्हतं, बघायला कोणी नव्हतं.

बाजाराचा दिवस होता म्हणून सोमारी आली. तिनं टोपली ओट्यावर टेकवली, बाईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं. ती काही रागावली नाही. बाईच्या बुडाशी बोट लावून म्हणाली, "कवेलूत नाई उठत आता हे. जमिनीले दे."

"जमिनीत लावली तर ती मोठी होईल, सोमारी. भाऊंनी बावीस वर्सं तिले..."

"अन् इथी ठेवली तं?"

मी ती मोडलेली काडी हातात फिरवत राहिले.

"मरून लहान राह्यली, तं ते काय लहान राह्यली?" सोमारी म्हणाली.

भाऊंना विचारावं तर कार्ड जाऊन उत्तर यायला आठवडा, आणि तेही भाच्याच्या शुद्ध भाषेत! मी विहिरीच्या सांडपाण्याच्या चरीशी, कुंपणालगत खड्डा खणायला बसले. बाई कवेलूतून सुटेना, मुळ्यांनी आतून घट्ट धरलं होतं. सोमारीनं मला विचारलं नाही. एक गोटा उचलला आणि कवेलूवर मारला. नाक्याच्या छपरावरून मांडीवर आलेलं ते कवेलू तीन तुकडे होऊन पडलं. मुळ्यांचा गुंता आम्ही दोघींनी खड्ड्यात सोडला, माती लोटली आणि पोहऱ्यामागून पोहरा पाणी ओतलं. बाईला जन्मात इतकं पाणी कोणी दिलं नव्हतं. मी त्याच संध्याकाळी ट्रंक परत आणली. कोंदट खोलीवाल्यांनी वेडी म्हटलं असेल, म्हणोत.

रोज सकाळी शाळेआधी मी तिच्यासमोर बसायचे. अठराव्या दिवशी बुडाशी एक पोपटी ठिपका दिसला. मग आणखी एक. वरचं सगळं, भाऊंनी नखानं खुडून, दोऱ्यानं वाकवून घडवलेलं सगळं, वाळून गेलं. उरलं ते बुडखं आणि त्यातून निघालेले बोटाएवढे दोन कोंब. गावात कुठंही उकिरड्यावर उगवतात तसे.

भाऊ चैत्र संपता संपता आले. जाड भिंगाचा चष्मा, भाच्याचा हात धरलेला. अंगणात शिरले ते तडक बाकाकडे. चष्म्यातून अंतर उमगत नव्हतं, म्हणून हातानं चाचपत गेले. वड लागला, पिंपळ लागला, उंबर लागला. मग हात रिकाम्या दगडावर आला. तिथं कवेलूचा डाग होता. त्या डागावर त्यांची बोटं फिरत राहिली.

मी एका दमात सगळं सांगितलं. रागात बोललेलं वाक्य सोडून सगळं. पहिलं कार्ड पुढे केलं. भाऊंनी ते भाच्याला मोठ्यानं वाचायला लावलं.

"'बाईंनी आता जागा बदलावी,'" भाच्यानं वाचलं. "मामा, तुम्ही सांगितलं तेच लिहिलं. बाईची जागा बदलवा म्हणालात ना?"

"हो," भाऊ म्हणाले. "म्हटलं मीच."

मग ते विहिरीकडे गेले आणि त्या दोन कोंबांपुढे उकिडवे बसले. बोटानं कोंब शोधले. मी मागे उभी. मला वाटत होतं की त्यांनी ओरडावं, मला निघ म्हणावं, या वेळी खरंच.

"भाऊ, माझ्यामुळं गेली तुमची बाई," मी म्हटलं.

त्यांनी कोंबांभोवतीची माती बोटानं दाबली. मग हळूच म्हणाले, "तू काऊन गेली वं, बाई?"

मला वाटलं ते तिलाच विचारतायत. 'तू' तिचंच होतं. मला दोन वर्षांत त्यांनी कधी 'तुम्ही' सोडून हाक मारली नव्हती. मी डोळे पुसून वर पाहिलं तर भाऊ मागे वळलेले होते आणि ती जाड भिंगं माझ्यावर होती.

"झाड चुकीनं वाळलं, ते समजलो मी. पण मी तुले घरातून निघ म्हणीन, हे तुह्या मनात आलंच कसं? एवढे दिवस काय पाह्यलं मंग तू माह्यात?"

मला आयुष्यात इतकं कोणी रागावलं नाही. आणि इतकं बरंही कधी वाटलं नाही.

त्यानंतर मी त्यांची 'तू' झाले ती कायमची. बाई जमिनीत रमली. पहिल्या पावसाळ्यातच माझ्या कमरेला आली. भाऊ तिच्या वाढीकडे धास्तीनं पाहायचे. बाकीच्या ठेंगण्या बाकावरच होत्या, त्यांना रोजचं उपास-पाणी होतंच, पण बाईचा शेंडा त्यांनी पुन्हा कधी खुडला नाही. सोमारीनं विचारलं तेव्हा म्हणाले, "जमिनीचं देल्लं एकदाचं. आता मी कोण?" खोड मनगटाएवढं झालं त्या दिवाळीत मात्र त्यांनी माळ्यावरून जुना डबा काढला, गेरू कालवला आणि चष्मा खोडाला टेकेपर्यंत वाकून बाईच्या कमरेला पट्टा ओढला. सरळ काही आला नाही. मग दर दिवाळीला ओढायचे. लोक हसायचे, मार्काभाऊनं अंगणातल्या झाडाला सरकारी केलं म्हणून.

भाऊ गेले तेव्हा बाई माझ्या डोक्याच्या वर दोन हात होती. तेराव्यानंतर भाच्याचं कार्ड आलं, त्याच वळणदार अक्षरात. 'बाईंनी जागा बदलू नये, अशी मामांची इच्छा होती. या वेळी मी अर्थ नीट विचारून घेतला होता.' मी जागा बदलली नाही. नोकरी तिथंच संपवली, आणि गेरूही मी दर दिवाळीला लावत आले.

मागच्या वर्षी आमच्या गल्लीचा रस्ता रुंद झाला. कुंपणं गेली, कडेचे दोन निंब गेले, एक बाभूळ गेली. कुऱ्हाडवाले आमच्या कोपऱ्यावर आले तेव्हा मी ओट्यावर होते. बाई आता दोघांच्या कवेत मावत नाही. त्यातला म्हातारासा एक जण पुढे झाला, गेरूच्या पट्ट्यावरून हात फिरवला आणि थांबला. जुना जंगलातला माणूस असावा.

"बाई, हे झाड राखीव आहे का? सरकारी?"

बत्तीस वर्षं मी पोरींना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं. बोलल्या तर छड्या मारल्या.

"हो," मी म्हटलं. "जंगलखात्याचं आहे."

त्यानं मान हलवली आणि माणसांना पुढे चला म्हणून खूण केली. ते वळणापलीकडे गेल्यावर मी बादली घेऊन विहिरीवर गेले.

"बाई," मी म्हटलं, "आज तुले पाणी आहे. पोटभर पे."